रिकाम्या हातानं खाडे पाहू नयेत

रोहण्याहून, माझ्या गावाहून, निघाले, तेव्हा एसटीच्या खिडकीत मी रडायची जय्यत तयारी केली होती. रुमालसुद्धा नवा घेतला होता. आई खालून ओरडली, "रड लवकर, गाडी सुटून राह्यली!" मला हसूच फुटलं. असा निरोपाचा प्रवेश पाडून मी नर्स म्हणून इंग्लंडला, लीड्सला, येऊन पोचले.

इथं म्हाताऱ्यांच्या घरोघरी जायचं, म्हणजे गाडी हवीच. लायसन नाही तर नोकरी नाही, आणि नोकरी नाही तर परत रोहणा. टेस्ट दिली, नापास. पुन्हा दिली, पुन्हा नापास. परीक्षक मोठा गोड माणूस. प्रसादाचा खडा ठेवावा तसा दर वेळी एकच शब्द हातावर ठेवायचा, "डिसहार्टन होऊ नका." हा शब्द इथं बहुधा 'नका'सकटच भेटतो. तो ऐकेपर्यंत मी धड असायची.

तिसऱ्यांदा आपटल्यावर आईला फोन लावला. "आई, मी डिसहार्टन झाली."

"हे कोणतं दुखणं व?"

"मन खचलं. फेलचा कागद पाहात बसली."

"अन् दुसऱ्या हातात काय हाय?"

"काहीच नाई."

"मंग खचनच! खाडे पाहाले रिकाम्या हातानं गेली काऊन?"

गावाकडच्यांना सांगायला नको, इकडे आलेल्यांसाठी सांगते. कपाशी उगवताना तासात, म्हणजे ओळीत, मध्येमध्ये जागा रिकाम्या राहतात, ते खाडे. आई ते पाहायला जायची ती पदरात सरकी बांधूनच. दिसला खाडा की डोबलं मातीत बी. बाबा नुसतेच पाहायला जायचे आणि डोक्याला हात लावून तिथंच बसायचे. "उठा," आई म्हणायची, "तुमच्या बुडाखाली बी एक खाडा हाय!"

मी कागद घडी करून ठेवला. आधी पुढची तारीख घेतली, मगच चुका वाचल्या. त्या खेपेला पास झाले.

यंदा गावी गेले, तेव्हा भाड्यानं गाडी घेऊन, स्वतः चालवत आईला आर्वीला नेलं. आई शेजारी डोळ्यांवर पदर घेऊन बसलेली.

"पाहात काऊन नाई?"

"आज सरकी नाई आणली व. कशी पाहू?"

परवा लीड्सला आमच्यातली नवी नर्स टेस्टमध्ये नापास झाली, तसा फोन केला आणि माझ्या दारात आली. तो गोड शब्द मी तोंडातून काढला नाही. गाडीची किल्ली हातात घेऊनच दार उघडलं आणि म्हटलं, "चल, बस, चालव." लीड्समधलं ते दार मला त्या दिवशी पहिल्यांदा घराचं वाटलं.