राखणीले बसवलेली सखूमावशी

मंडळी, आज कोकणच्या घाटात जे झालं ते सांगतो. इन्साफ तुमीच करा.

आमी मंगरूळपीरचे भाजी पिकवणारे, पेट्रोल मिळत नाही म्हणून कोळशावर चालणारी मोटार भाड्यानं घेऊन समुद्र पाहाले निघालो. घाटाखाली डायवर म्हणाला, "सगळे उतरा. चढ मोठा आहे, गाडी हलकी लागेल. तुम्ही चालत पुढं व्हा, मी मागून येतो."

सामान सारं टपावर. मले तेव्हाच शंका आली. बाजाराले भाजीची बैलबंडी जाते, तवा मालावर एक माणूस बसतेच, हा आमचा कायदा. म्हणून सखूमावशीले गाडीतच ठेवलं. तिच्याएवढं वजनदार माणूस आमच्यात दुसरं नाही.

आमी वर पोचलो. सारे वळणाकडं पाहून राह्यलो, मोटार काही येईना.

"पळाला," मी म्हटलं.

धावत खाली गेलो, तं मोटार अर्ध्या चढात अडकलेली. डायवर चाकामागं दगड लावून राह्यला होता अन् मावशी आत मांडी घालून बसली होती.

ढकलत ढकलत मोटार वर नेली. डायवरनं घाम पुसत विचारलं, "इथून समुद्र दिसतो. बघितलात का?"

कोणीच पाह्यला नव्हता.

"जा, बघून या. मी थांबतो."

आमी गेलो. मावशीले मात्र मी पुन्हा गाडीतच बसवलं.

तुमी असते तं उतरवलं असतं का तिले?