बायनाअक्का आणि साहेब

नेकनूर मागे पडलं तोवर रोहिणीच्या डाव्या टाचेला फोड आला होता, आणि वैजिनाथ पेंटर सकाळपासून चार शब्दसुद्धा बोलले नव्हते. केजहून कपिलधारला निघालेल्या दिंडीत दोघं सगळ्यांत मागे होते. पेंटरच्या खांद्याला कापडी पिशवी होती आणि तिच्यात प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले बारा कागद. रोहिणीला ते कागद हवे होते. एरवी ती बायांमध्ये पुढे चालायची, या वर्षी मात्र त्यासाठीच त्यांच्या पावलानं चालत होती.

केजला तहसीलच्या रस्त्यावर रोहिणीचं झेरॉक्सचं दुकान आहे. पेंटर तिच्या शेजारचे. त्यांनी उभा जन्म दुकानांच्या पाट्या रंगवल्या. फ्लेक्स आले, पाट्या बंद झाल्या, तसं त्यांनी ब्रश ठेवून पेन घेतला आणि बायनाअक्काची चित्रकथा काढायला बसले. बायनाअक्का म्हणजे साठीची बाई, ताक घुसळायची रवी घेऊन लढणारी. विहिरीवरच्या मोटारी चोरणाऱ्यांना ती रवीच्या दोरीत गुंडाळून अशी फिरवायची, की ते गरगरत जाऊन पोलीस पाटलाच्या ओट्यावरच बसायचे. तिच्या जोडीला एक गाढव, नाव साहेब. साहेब एरवी नुसते उभे. पण कुणी "साहेब, जरा बघा की" म्हटलं, की मागचे दोन्ही पाय एकदम सुटायचे. रोहिणी पानांच्या प्रती काढून पिना मारायची, आणि शाळा सुटली की दुकानात पाय ठेवायला जागा नसायची.

चैत्रात पेंटरची बायको शिवम्मा गेली, लिंगैक्य झाली. समाधी दिली तेव्हा लोक सांगतील तिथं पेंटर उभे राहिले, म्हणतील तेव्हा माती टाकली. रडले नाहीत. त्यानंतर अंक आला नाही. आषाढात रोहिणीनं त्यांच्या ओसरीवर पुरी झालेली पानं पाहिली आणि मागितली, तर म्हणाले, "वाळू दे." शाई आता कार्तिक आला तरी वाळतच होती. पोरं तर विचारायचीच. पण रोहिणीला भीती वेगळी होती. हा अंक पिशवीत राहिला, तर हा माणूस पुढचा काढणार नाही, आणि मग दिवसभर भिंतीकडे तोंड करून बसेल. आत्ताच निम्मा दिवस तसा जात होता.

पुढून राजेश्वर आडतवाले मागे वळले. "पेंटर, साहेबाला आणायचं होतं की. आमची वझी तरी वाहिली आसती."

"साहेब वझं वाहत न्हाई," पेंटर म्हणाले. "सही करतो."

बाया हसल्या. पेंटर हसले नाहीत. विचारलं म्हणून उत्तर दिलं, इतकंच.

दुपारी दिंडी लिंबाखाली टेकली. रोहिणीनं चप्पल काढली, दोन घोट पाणी प्यायली आणि म्हणाली, "काका, शाई वाळली आसंल आता."

"वाळली."

"मग कावून ठिवून घेतलंय?"

पेंटरनी पिशवी तिच्या मांडीवर ठेवली. "बघ."

या खेपेला चोरांनी शाळेची पाण्याची टाकी पळवली होती. साहेब खुर्चीत बसून चोरांची हजेरी घेत होते. रोहिणीला हसू आलं. तिनं वर पाहिलं, तर पेंटर रस्त्याकडे बघत होते. मग तिनं पुन्हा पहिलं पान काढलं. बायनाअक्का रवी उगारून उभी होती आणि तिचं कपाळ कोरं होतं.

पेंटर ते कपाळ कधी रंगवतच नसत. पानं पुरी झाली की शिवम्मा आंघोळ, लिंगपूजा आटोपून यायची आणि तीन बोटांवर भस्म घेऊन कागदावरच्या बायनाअक्काला लावायची. "बाई लढायला निघाली, रित्या कपाळानं कशी जाईल," म्हणायची. पहिल्या अंकाच्या वेळी रोहिणीनं धूळ समजून कागद झटकला होता आणि मशीनची काचही पुसून घेतली होती. शिवम्मा दुकानात आली, डबीतलं भस्म पुन्हा लावून गेली. झेरॉक्समध्ये तो राखाडी फराटा उमटला. पोरांना वाटलं, अक्काची सगळी ताकद त्या फराट्यात आहे. कराटेच्या क्लासला जाणाऱ्या पोरी कपाळाला खडू फासून जायला लागल्या.

रोहिणीनं आपल्या बटव्यातली भस्माची डबी काढली. "काका, मी लावू?"

पेंटरनी तिच्या हातातल्या डबीकडे पाहिलं. "नगं," ते म्हणाले. "तू लावशील, चांगलंच लावशील. पण ते तुझं हुईल."

"मग छापायचंच न्हाई का?"

"छाप की. आसंच छाप."

"पोरं इचारतील, काका. पयलं कपाळच बघत्यात ती."

"इचारतील." पेंटरनी पायातला खडा काढला आणि बाजूला टाकला. "सात महिने झाले बघ. ती गेली हे मी आजून माझ्या तोंडानं कुणाला सांगितलं न्हाई. ज्यान्ला कळलं त्यान्ला दुसऱ्यानंच सांगितलं. रेशन कार्डावरचं नाव काढायला गेलतो तहसीलला. कारकून म्हनला, घरात किती माणसं? मी म्हनलो, दोन. त्यानं लिवलं. मी माघारी आलो."

रोहिणीनं डबी मिटली. समोर राजेश्वर उठून पताका घेत होते, बाया पदर खोचत होत्या. तिनं कागद सारखे करून आपल्या पिशवीत ठेवले.

"रोहिणी," पेंटर म्हणाले. आवाजात चढ नाही, उतार नाही. "पोरं इचारत आली, तर त्यान्ला माझ्याकडं धाडू नगं. तूच सांग."