माइकवरून दिलेला रहाट

आमच्या गावात थापांची स्पर्धा असती तर पहिली तिन्ही बक्षिसं माझ्याच घरी आली असती. आमच्या रेड्याच्या एका शिंगापासून दुसऱ्यापर्यंत दोरी बांधून घरभराचे कपडे वाळत घालतो, असं मी सांगायचो, आणि शेजारच्या गास गावाहून माणसं तो रेडा बघायला यायची. बघून खट्टू व्हायची, पण जेवून जायची.

म्हणूनच, ऐंशीच्या सुमाराला शिक्षक मंडळींनी शाळेमागच्या भाताच्या कोठारात जुन्या वस्तूंचं संग्रहालय मांडलं आणि नाताळनंतर तिथे शेतीची नि खाण्यापिण्याची जत्रा भरवायचं ठरवलं, तेव्हा माइक आपसूक माझ्या हातात आला. नांगर, जाती, इरली जमली. बायका पिठाचे गोल फुगे तळणार होत्या, वाळवलेल्या केळ्यांची सुकेळी येणार होती. फक्त चालता रहाट नव्हता. घरोघर विहिरींवर इंजिनं बसली होती. रेड्याच्या जोरावर फिरणारा, मडक्यांच्या माळेनं पाणी वर आणणारा रहाट एकच उरला होता, आमच्या वाडीत, आणि त्यात बाबांचा जीव होता.

बाबांचं इंजिनाशी वैर नव्हतं. त्यांचं म्हणणं एवढंच, की समुद्र हाकेवर आहे. मडक्या-मडक्यानं उपसलं तर विहिरीला भरायला सवड मिळते. इंजिनानं ओढलं की गोड्याच्या मागोमाग खारं येतं. "दूध काढताना वासराचा वाटा ठेवतो ना, तसं," ते म्हणायचे. आणि आमची आजोबांपासूनची पानवेल खाऱ्या पाण्यावर जगणारी नव्हती.

"दोन दिवस द्या फक्त," मी म्हणालो. "सोमवारी सकाळी परत विहिरीवर चढवतो."

"माळ या विहिरीच्या मापाची आहे."

"कोठारामागची विहीर उथळ आहे. चार मडकी कमी करू."

"वेली दोन दिवस कळ काढतील. तिसऱ्या दिवशी नाही."

"बाबा, माझा शब्द."

"ह्याचा शब्द म्हणे," आय चुलीपाशी हसली. "मग झालंच."

तरी त्यांनी दिला. स्वतः खुंट्या काढल्या, मडकी गोणपाटात गुंडाळली आणि गाडीमागे पायी चालत आले.

रहाट फिरू लागला तशी फुग्यांच्या कढईपाशीही माणूस उरला नाही. भुईगाव, पापडी, सगळी वसई त्या विहिरीभोवती लोटली. मग मी सुटलो. हे लाकूड किल्ल्याच्या दरवाजाचं आहे, फिरंग्यांनी पळताना माझ्या खापरपणजोबांकडे ठेवायला दिलं आणि न्यायला विसरले, असं काहीबाही. लोक पोट धरून हसत होते. रविवारी संध्याकाळी हेडमास्तर म्हणाले, "अशी वस्तू उद्या परत जाणार, वाईट वाटतं."

टाळ्यांची चटक लागली की माझी जीभ माझी राहत नाही. मी माइकवर म्हणालो, "जाणार कुठे? आमच्या बाबांनी हा रहाट संग्रहालयाला कायमचा दिलाय."

टाळ्या थांबेनात. फादर खुर्चीतून उठले, बाबांपाशी गेले आणि त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. बाबांनी त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. एक 'नाही' पुरलं असतं. पण तसं म्हणणं म्हणजे साऱ्या गावासमोर पोराला खोटं पाडणं. मी खोटारडा हे गावाला ठाऊकच होतं. चारचौघांत तसं कधी न म्हटलेला माणूस एकच होता.

"हो फादर," बाबा म्हणाले.

घरी मार बसेल अशी मी तयारी ठेवली होती. त्यांनी फक्त विचारलं, "इंजिन कुठे मिळतं?"

पहिल्या वर्षी पाट तुडुंब वाहिला आणि मीच शेखी मिरवली. तिसऱ्या उन्हाळ्यात विहिरीच्या पाण्यात आयची डाळ शिजेना. मग पानं कडेनं पिवळी पडू लागली. पुढच्या पावसाआधी बाबांनी वेलींचे आधार आपल्या हातानं उपटले आणि तिथे नारळ लावले. नारळ खारं सोसतो.

जत्रा मात्र दरवर्षी भरत राहिली. रहाट आता कोठारात होता, कोरडा, दोरीच्या कुंपणाआड. बाबांनी तो किती आनंदानं दिला, हे मी दरवर्षी सांगायचो, आणि तो आनंद दरवर्षी वाढत जायचा.

एका वर्षी गर्दीत कोणाचा तरी हात दोरीवरून चाकावर गेलेला दिसला. मी माइकवरूनच म्हणालो, "ओ काका, हात लावायचा नाही. मागे व्हा."

काका मागे सरले, वळले. बाबा होते. चर्चमधल्या मिस्साहून थेट आले असावेत, अंगात इस्त्रीचा सदरा. ओळखणारे हसले. बाबाही हसले. "चुकलं," म्हणाले आणि हात पाठीमागे घेतला.

माइक माझ्या हातात होता. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी घसा खाकरला आणि म्हणालो, "मंडळी, हाच तो दिलदार माणूस."

टाळ्या झाल्या. बाबांनी लोकांना नमस्कार केला. बाहेर पडताना माझ्यापाशी थांबून हळूच म्हणाले, "लाकूड कोरडं पडून फाटतंय. अधूनमधून पाणी मारत जा. आपल्या विहिरीचं नको."

मी मान हलवली आणि पुढच्या घोळक्याकडे वळलो. ते रहाटाची गोष्ट ऐकायला थांबले होते.