उपवासकाळातलं हालेलूया

आमच्या लूथरन मंडळीला धाक दोघांचाच. एक देवाचा आणि दुसरा काटेवाल्या काकांचा. देव क्षमा करतो हे पाळकसाहेब दर रविवारी सांगायचे. काकांबद्दल तशी हमी कोणीच देत नव्हतं.

काकांचा धंदा तराजू दुरुस्त करण्याचा. दुकानाच्या मागच्या खोलीत त्यांचं घर आणि भिंतीपलीकडे माझं. सोनाराचा काटा तपासताना ते दार लावून घ्यायचे, पंखा बंद करायचे आणि गिऱ्हाइकाला श्वास रोखायला सांगायचे. काटा स्थिरावला की आतून काकूंचा आवाज यायचा, "अहो, घेऊ दे आता त्यांना श्वास. इथेच गेले तर पैसे कोण देईल?" काका हसायचे नाहीत. पण काकू असं बोलल्या नाहीत, तर त्यांना चुकल्यासारखं व्हायचं, हे मी पाहिलं आहे.

गायनवृंद काकांच्या हाती होता. आवाज असा, की शेवटच्या बाकावरचा पेंगणाराही ताठ बसावा. प्रभू कबरेतून उठला त्या ईस्टरच्या पहाटेचं एक गीत म्हणजे त्यांचा जीव की प्राण. "धोंड सरली, वाट उजळली," असं काकांनी एकट्यानं म्हणायचं आणि मंडळीनं "हालेलूया" म्हणून उत्तर द्यायचं. घरी सराव करताना ते उत्तर काकू स्वयंपाकघरातून द्यायच्या. सूर कधीच धड लागायचा नाही, पण वेळ मात्र चुकायची नाही.

राखेच्या बुधवारी ईस्टरआधीचा चाळीस दिवसांचा उपवासकाळ लागला, की मात्र सगळं बदलायचं. वेदीवर जांभळं कापड चढायचं, फुलं बंद व्हायची आणि ईस्टरपर्यंत "हालेलूया" हा शब्द तोंडातून काढायचा नाही. प्रभूच्या दुःखाचे दिवस, आनंदाचा शब्द बाजूला ठेवायचा, अशी ही जुनी रीत. इतर मंडळ्यांत ती सैल झाली होती, पण आमच्याकडे काका होते. एकदा बाहेरगावच्या एका उपदेशकांनी ऐन उपवासकाळात भर उपासनेत तो शब्द उच्चारला. काका इतक्या जोरात खाकरले, की बिचारे पाहुणे प्रार्थना अर्धी टाकून थेट आमेनवर आले. त्यांच्यासमोर कोणी हसलं नाही. बाहेर आल्यावर मात्र आम्ही पोट धरधरून हसलो.

पण एका वर्षी कोणालाच हसू आलं नाही. आमच्या शिंपीणबाईंचा नवरा उपवासकाळात वारला. त्याचं आवडतं म्हणून मातीच्या वेळी हेच ईस्टरचं गीत म्हणा, अशी त्यांनी विनंती केली. काकांनी मान हलवली. "बाई, दुसरं कोणतंही सांगा." शिंपीणबाईंनी दुसरं काही सांगितलं नाही. नवऱ्याला गाण्यावाचूनच मूठमाती मिळाली. मला तेव्हा काकांचा मनस्वी राग आला होता आणि तो पुरता गेला असं आजही म्हणवत नाही.

मग काकूंचं हृदय थकलं. पायांवर सूज, दोन शब्द बोलल्या की धाप. डॉक्टरांनी काकांना बाजूला घेऊन सांगितलं, की आता थोडेच दिवस. राखेचा बुधवार नुकताच होऊन गेला होता आणि ईस्टर लांब होता. मी दुपारी काकूंपाशी बसायला जायचे, म्हणजे काकांना दुकान बघता यायचं.

एका दुपारी काका औषध द्यायला आत आले तेव्हा काकू म्हणाल्या, "अहो, एकदा म्हणा ना ते. ईस्टरचं."

"ईस्टरला म्हणू."

"ईस्टर यायचा तेव्हा येईल हो. मी नको का असायला?"

काकांनी चमचा पुसला, बाटलीचं बूच घट्ट लावलं आणि बाहेर गेले. काकू माझ्याकडे बघून म्हणाल्या, "रागावू नकोस गं त्यांच्यावर. आतून तुटतात ते, पण कळू देत नाहीत." मी रागावलेच होते. मरणाऱ्या बाईला एक गाणं नाकारायचं, ही कसली भक्ती?

मी तडक पाळकसाहेबांना गाठलं. दुसऱ्या दिवशी ते माझ्याबरोबर दुकानात आले आणि वजनांच्या पेटीशेजारी स्टुलावर बसले. "काका, ही रीत माणसांनी घातली आहे," ते म्हणाले. "तारण नियम पाळून मिळत नाही, देवाच्या कृपेनं मिळतं. आपली मंडळी उभीच राहिली ती या एका गोष्टीवर. म्हणा तुम्ही."

काका बराच वेळ हातातलं पितळी वजन पुसत राहिले. "शिंपीणबाईंना मी नाही म्हटलं होतं, साहेब," ते शेवटी म्हणाले. "त्यांच्या माणसाला एक माप आणि माझ्या माणसाला दुसरं? मग कोणत्या तोंडानं मंडळीसमोर उभा राहू?"

तेव्हा कुठे मला कळलं, की काकांना अडवत होती ती रीत नव्हे.

पुढे काही दिवसांनी काकूंना घास जाईना. डोळे मिटून पडून असायच्या, मधूनच उघडून दाराकडे बघायच्या. त्या दुपारी काका पलंगाशी उभे राहिले, त्यांच्या कपाळावर हात ठेवला आणि मला म्हणाले, "बस जरा. शिंपीणबाईंकडे जाऊन येतो. त्यांची माफी मागतो. त्या हो म्हणाल्या, तर आल्याबरोबर हिला ऐकवतो." टोपीसुद्धा न घालता ते निघाले. मला ओरडावंसं वाटलं, की अहो, आधी म्हणा आणि मग जा.

"गेले कुठे?" काकूंनी डोळे न उघडता विचारलं.

"येतील इतक्यात. गाणं म्हणणार आहेत तुमच्यासाठी."

"अगं बाई," काकू म्हणाल्या आणि हसल्या. मग एक लांब श्वास घेतला आणि त्यानंतरचा श्वास आलाच नाही. मी त्यांचा हात धरून तशीच बसून राहिले.

तिकडे काय झालं ते शिंपीणबाईंनी मला नंतर सांगितलं. काकांनी दारातच हात जोडले आणि सगळं बोलून टाकलं. त्यांचं बोलणं संपण्याआधीच बाई मशीनवरून उठल्या होत्या. "मला काय विचारत बसलात? बायको तिकडे वाट बघतेय! चला आधी." गळ्यातली मापपट्टी काढायचंही त्यांना सुचलं नाही. दोघं जवळजवळ धावतच आले.

मी दारात उभी होते. मला काही सांगावं लागलं नाही. काका आत गेले, पलंगाजवळ खाली बसले आणि काकूंचे पाय पांघरुणात नीट झाकले. "थांबली नाहीस," असं काहीतरी म्हणाले. त्यांना हुंदका आला तो मी पहिल्यांदा ऐकला.

शिंपीणबाई त्यांच्या मागे उभ्या राहिल्या. "म्हणा," त्या म्हणाल्या.

"आता कशाला?"

"म्हणा. उत्तर मी देते."

काकांनी सुरुवात केली. आवाज फाटला, सूर खाली गेला, पण ते थांबले नाहीत. प्रत्येक ओळीनंतर शिंपीणबाई भरड्या आवाजात हालेलूया म्हणत होत्या. दोन कडव्यांनंतर मीही म्हणू लागले. भर उपवासकाळात, दुकानाचं दार सताड उघडं असताना आम्ही तिघांनी ते गीत शेवटपर्यंत म्हटलं.

मग काकांनी तोंड पुसलं आणि आम्हा दोघींकडे बघितलं. "ऐकलं असेल का हिनं?"

मी हो म्हणणार होते. अशा वेळी माणूस दुसरं काय म्हणणार? पण शिंपीणबाई माझ्याआधी बोलल्या.

"नाही ऐकलं," त्या म्हणाल्या. "माझ्या माणसानंही नाही ऐकलं. उठतील तेव्हा ऐकतील. नाहीतर ईस्टर आपण कशासाठी करतो, काका?"