गमछ्याखाली दिलेला हात

देवांनी लांडग्याला फसवलं. आमच्या लायनीच्या दाऊनं मला आणि माझ्या कुत्र्याला फसवलं. पहिली गोष्ट माझ्या पोरीनं लिहायला घेतलेल्या कादंबरीत आहे. दुसरी भनपुरीत, या हिंदी मुलखात, माझ्या आवारात, दिवसाढवळ्या घडली, आणि तेव्हापासून माझ्या उजव्या हाताला दोन बोटं कमी आहेत.

मी जुने ट्रक तोडून त्यांचे सुटे भाग विकतो. वडील रेल्वेत होते, मीही तिथंच चिकटावं अशी त्यांची इच्छा होती. मी तुटक्या गिअरबॉक्सवर बसून धंदा उभा केला, कोणाचा हात न धरता. आमच्या लायनीत मोठा सौदा बैलबाजारासारखा होतो. दोघांच्या हातांवर गमछा टाकायचा आणि आत एकमेकांची बोटं दाबून भाव सांगायचा. तोंडानं भलतंच काहीतरी बोलत राहायचं, म्हणजे भोवती उभ्या असलेल्यांना पत्ता लागत नाही. शेवटी आतल्या आत पंजा घट्ट धरला की सौदा पक्का. मी या कामात तरबेज होतो. समोरच्याची बोटं किती घामेजली आहेत त्यावरून त्याची गरज ओळखायचो.

कुत्रा मला एका भंगार ट्रकच्या केबिनमध्ये सापडला, मुठीएवढा, काळाकुट्ट. वाढला तेव्हा त्याची मान माझ्या मांडीएवढी झाली. दोन साखळ्या त्यानं तोडल्या. एकदा दाऊचा पाळलेला कुत्रा आमच्या फाटकातून आत घुसला, तर यानं त्याचा गळा फाडून त्याला फरफटत डिझेलच्या टाकीपर्यंत नेलं. माणसाला मात्र त्यानं कधी दात लावला नव्हता. माझा हात तो लहानपणापासून तोंडात धरायचा, अगदी हलका, आणि तसाच शांत पडून राहायचा.

दाऊ म्हणजे आमच्या लायनीचा म्होरक्या. भांडणं मिटवायला लोक त्याच्याकडे जातात. त्याचा कुत्रा मेल्याच्या दुसऱ्या सकाळी तो चार माणसं घेऊन आला.

"भैया, आज कुत्ते को फाड़ा, कल किसी के बच्चे को फाड़ेगा."

"मारने नहीं दूँगा."

"अरे, मारने को कौन बोल रहा है? आओ, बैठो."

त्यानं आमच्या हातांवर गमछा टाकला. तोंडानं तो ट्रकच्या एका जुन्या एक्सलचा विषय काढून बसला. मला वाटलं, दाऊ नमला, पण हे त्याला स्वतःच्या माणसांना दाखवायचं नाही. मी त्याच्या कानाशी विचारलं, "आपके खेत पर जाएगा? जिंदा?" तो काही बोलला नाही. एक्सलची तारीफ करत राहिला, आणि गमछ्याखाली माझा पंजा त्यानं घट्ट धरला. आमच्यात याला होकार म्हणतात.

साखळी दिसली की कुत्रा उसळायचा. म्हणून शेतावर नेण्याआधी त्याचे पाय बांधायला मी माझाच गमछा दिला, माझ्या घामाच्या वासाचा. मी त्याच्यापुढे उकिडवा बसलो आणि उजवा हात त्याच्या जबड्यात दिला. दाऊच्या माणसानं मागून त्याचे पाय त्या मऊ कापडानं आवळले. कुत्र्यानं एकदा मागं पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि बांधू दिलं.

पहिली पहार त्याच्या पाठीवर पडली. टायर काढायची लोखंडी पहार. ओलं लाकूड मोडावं तसा आवाज झाला आणि जबडा मिटला. दुसरी डोक्यावर बसली. मी ओरडलो, "थांबा रे, हात हाय माझा आत!" ओरडलो ते मराठीत, आणि तिथं मराठी समजणारं कोणी नव्हतं. समजायची गरज होती असंही नाही, हात सगळ्यांना दिसत होता. ते मारतच राहिले. त्याचा एक डोळा फुटून गालावर आला होता आणि दुसरा माझ्यावर होता. मेल्यावरही जबडा सुटेना. शेवटी त्याच पहारीनं तो उचकटला, तेव्हा माझी दोन बोटं आतच राहिली.

मी उठलो आणि त्याच रक्ताळलेल्या हातानं दाऊच्या तोंडावर ठोसा मारला. त्याचा ओठ फाटला. चौघांनी मला जमिनीवर दाबलं, एकानं मानेवर गुडघा ठेवला.

"सौदा हुआ था!" मी म्हणालो.

दाऊनं रक्त थुंकलं. "कौन सा सौदा, भैया? एक्सल का?"

सगळे हसले.

तेव्हा माझी पोरगी लहान होती, समता कॉलोनीतल्या आमच्या घरी आईजवळ. आता कॉलेजात जाईल. मराठी समजते, बोलते हिंदी. मोबाइलवर कादंबरी लिहून राहिली आहे, तिच्या वयाच्या पोरापोरींसाठी. उत्तरेकडच्या बर्फाच्या मुलखातले जुने देव, राक्षस, कापलेली मुंडकी, असा सगळा काळोख. परवा तेलीबांध्याच्या तळ्याकाठी बसून तिनं मला एक प्रकरण वाचून दाखवलं.

देवांना एका लांडग्याची भीती वाटते. त्यानं अजून काही केलेलं नसतं, पण पुढे करील असं कोणीतरी सांगितलेलं असतं. लोखंडाच्या बेड्या तो तोडतो. मग देव रेशमासारखी मऊ दोरी आणतात. लांडगा म्हणतो, तुमच्यातल्या एकानं माझ्या तोंडात हात ठेवा, मग बांधा. एक देव हात देतो. दोरी सुटत नाही, देव हसतात, लांडगा हात मनगटातून तोडतो.

मनात म्हटलं, लांडगा माझ्यापेक्षा पक्का सौदागर. तारण मागितलं ते उघड्यावर.

"कैसा लगा, पापा?"

"त्या देवाले मालूम होतं का, धोका हाय म्हणून?"

"हाँ, इसीलिए तो हीरो है. सबको बचाने के लिए हाथ दे दिया. आपकी तरह."

"माझ्यासारखा काहून?"

ती गोंधळली. "मतलब, आपको भी तो पता था ना?"

मी असा ओरडलो की फिरायला आलेले लोक थबकले. "मले मालूम नव्हतं! त्यानं कबूल केलं होतं!"

"दाऊ अंकल ने बोला था?"

"बोलला नाही. पंजा धरला."

"किसी ने देखा?"

खोदून विचारायची ही सवय तिनं माझ्याकडूनच उचलली आहे. गमछ्याखालचं कोण पाहणार? ती म्हणाली, "ठीक है, पापा." ज्या गिऱ्हाइकावर माझा काडीचाही विश्वास नसतो त्याला मी याच सुरात ठीक है म्हणतो.

म्हणजे इतकी वर्षं माझ्या घरात, माझ्या ताटाला ताट लावून जेवणारी पोरगी धरून चालली होती की बापानं आपल्या कुत्र्याला जाणूनबुजून मरणाच्या तोंडी दिलं. वर त्याचा तिला अभिमान होता.

तिच्या कादंबरीच्या शेवटी लांडगा दोरी तोडून येतो आणि देवांच्या राजाला अख्खा गिळतो. माझा कुत्रा आवाराच्या भिंतीला लागून पुरला आहे, तो उठायचा नाही. त्या सकाळचं खरं माझ्याशिवाय एकाच माणसाला ठाऊक आहे.

दाऊ, तू अजून लायनीत खुर्ची टाकून लोकांचे न्याय करतोस. मी पोरीला घेऊन तुझ्यासमोर येतो आहे. गमछा आणू नकोस. हात उघडा पुढे कर, माझ्या उरलेल्या तीन बोटांत दे, आणि तिच्या डोळ्यांत पाहून सांग: त्या सकाळी माझा पंजा तू कशासाठी धरला होतास?