यंत्राला खोटं पाडायला गेलो

२०२४ साल होतं आणि मी एकाहत्तर वर्षांचा होतो. शाळा तिसरीत सुटली. पण बैलगाडा जुंपण्यात चाकणच्या पंचक्रोशीत माझा हात धरणारं कुणी नव्हतं. आमची जमीन एमआयडीसीत गेली, चहूबाजूंनी कंपन्यांचे पत्रे चढले, तरी मी बैल विकले नाहीत. गावच्या यात्रेला घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, गाडा जुंपायचा तो मीच. उसळत्या बैलांच्या मानेवर जू ठेवणं हा काय खेळ आहे होय?

त्या हिवाळ्यात बैलांना पाणी पाजून आलो की धाप लागायची. मी म्हणायचो, कंपन्यांची धूळ.

बायको म्हणायची, "धूळ मीबी खाते. मला न्हाई लागत धाप."

गावात तपासणीची गाडी आली तेव्हा तिनं मला हाताला धरून नेलं. तिथं छातीला तारा लावून हृदयाच्या ठोक्यांची कागदी पट्टी काढली. डॉक्टरीणबाई माझ्या नातीएवढी. म्हणाली, "बाबा, मला यात काही मोठं दिसत नाही. पण हे एआय म्हणतंय, हृदयाचा पंप कमजोर असावा."

"कोण म्हणतंय?"

"कॉम्प्युटर. त्यानं ढिगानं पट्ट्या पाहिल्यात. आपल्या नजरेतून सुटतं ते त्याला कधीकधी दिसतं. कधी चुकतंही. पिंपरीला जाऊन हृदयाची सोनोग्राफी करा, म्हणजे खरं कळेल."

मेहुणा मागंच उभा होता. हसला. "दाजी, बैल द्या आता माझ्याकडं. डबड्यानंसुद्धा वळखलं तुम्हाला!"

ते झोंबलं. आमच्यात रीत आहे. कुणी तुमच्या बैलावर शंका घेतली तर तोंड वाजवायचं नाही, घाटात उतरवून दाखवायचं. म्हणालो, "तुझ्या डबड्याला खोटं पाडूनच येतो." त्या ईर्ष्येनं पिंपरीला गेलो. नाहीतर मी कसला जातोय!

तिथं पडद्यावर माझंच काळीज मला दाखवलं. कुणी सांगायची गरज पडली नाही. दमलेला बैल चढावर पाय ओढतो तसं ते ओढत होतं. यंत्र खरं निघालं.

डॉक्टर म्हणाले, "वेळेत आलात. यंदा जू उचललं असतं तर घाटातच पडला असता."

गोळ्या सुरू झाल्या, मीठ तुटलं. त्या यात्रेत गाडा मेहुण्यानं जुंपला. मी लांबून पाहिला आणि घरी येऊन जेवलो नाही. पण गोळी एकही चुकवली नाही. जनावराचा खुराक मी कधी चुकवला नाही, तर माझा कसा चुकवीन?

पुढच्या यात्रेच्या आधी पुन्हा पिंपरी, पुन्हा तोच पडदा. या खेपेला काळीज मूठ आवळल्यासारखं जोरात आवळत होतं. डॉक्टर खूश.

मी विचारलं, "गाडा जुंपू?"

"बैल दुसऱ्यांनी धरायचे. पळायचं नाही. गोळ्या सोडायच्या नाहीत."

"आणि जू?"

ते हसले. "ठेवा बाबा, तुम्हीच ठेवा."

दवाखान्याच्या दारातूनच मेहुण्याला फोन लावला. "डबडं जिंकलं रं! आणि मीबी जिंकलो."

दुसऱ्या दिवशी सकाळी गोळ्या घेतल्या आणि बैल सरावाला घाटात नेले. मेहुण्यानं कासरे आवळून धरले. मी जू दोन्ही हातांनी बैलांच्या मानेवर ठेवलं, आणि धाप न लागता ओरडलो, "सोड!"