नत्थूजींचा कार्ब दुसऱ्यांदा खुलत नाही

नागपूरच्या गोळीबार चौकात गॅरेज चालवणारे नत्थूजी मेकॅनिकचे दोनच प्रकार मानत: कानाने इंजिन ऐकणारे आणि पडद्यावर वाचणारे. पहिल्या प्रकारात ते एकटेच होते. दुसऱ्यांना ते टायपिस्ट म्हणत.

त्यांचा बाप हातमागावर बसायचा. विणलेलं उसवायचं नाही, ही त्याची शिस्त. नत्थूजींनी माग सोडला आणि त्या शिस्तीची घमेंड करून घेतली. एकदा बसवलेला कार्ब्युरेटर ते पुन्हा उघडत नसत. ‘नत्थूजीचा कार्ब दुसऱ्यांदा खुलत नाही,’ असं गिऱ्हाइकं कौतुकाने म्हणत. ज्यांच्या गाड्या बिघडत ते दुसरीकडे जात, त्यामुळे हे वाक्य कधी खोटं पडलं नाही.

मुलगी धनश्री मोटारसायकलच्या ड्रॅग रेसमध्ये, म्हणजे दोन-दोन गाड्यांच्या सरळ रेषेतल्या शर्यतीत, उतरायची. कामठीकडच्या मोकळ्या पट्टीवर मे महिन्यात होणारी शर्यत जिंकली, तर पुण्याचा एक संघ तिला हंगामभर घेणार होता. इंजिन नत्थूजींनीच बांधलं होतं. त्याला पेट्रोल कशाने पाजायचं, एवढाच प्रश्न उरला होता. बेसा भागात गॅरेज असलेला प्रीतम इंजेक्शनचा, म्हणजे कार्बऐवजी विजेवर मोजून पेट्रोल फवारणारा, सेट उसना द्यायला तयार होता.

“बाबा, त्याचा सेन्सर हवा किती तापली ते पाहते आन् पेट्रोल कमीजास्त करते.”

“मले का कातडी नाही? मले नाही समजत हवा तापली ते?”

“तुमाले समजते न. कार्बले नाही समजत.”

“टायपिस्टची संगत लागली वं तुले.”

इंजिन बापाचं, म्हणून शब्दही बापाचाच. कार्ब लागला.

मे महिन्यात नागपूरकर उन्हं चढायच्या आत कामं उरकतो. नत्थूजींनीही पहाटेच्या गारव्यात मौद्याच्या रस्त्यावर गाडी पळवून जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा, पक्का केला. शर्यत सकाळचीच होती. पण उद्घाटक उशिरा आले, आल्यावर बोलले, आणि बोलून संपले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. सरावाच्या फेरीत गाडी काळा धूर सोडत अडखळली.

“हवा पातळ झाली, बाबा. पेट्रोल जास्त पडते. जेट एक नंबर लहान टाका.”

हत्यारांची आणि जेटची पेटी पायाशीच होती. नत्थूजींनी हात घातलाही. तेवढ्यात शेजारच्या मांडवातून उसाचा रस पीत प्रीतम म्हणाला, “काका, पाना देऊ का?”

हात बाहेर आला.

“नत्थूजीचा कार्ब…”

“माहीत आहे,” धनश्री म्हणाली आणि तिने हेल्मेट घातलं.

शर्यतीत अर्ध्या पट्टीपर्यंत ती पुढे होती. मग इंजिन खोकलं, धूर निघाला, आणि शेजारच्या पट्टीतली प्रीतमची इंजेक्शनवाली गाडी आरामात निघून गेली. पुण्याच्या संघाचा माणूसही त्या गाडीच्याच मागे गेला.

“ऊन जास्त होतं,” नत्थूजी म्हणाले.

“नागपूर आहे, बाबा. दरसालच राहते.”

तिने पेटीतून पाना काढला, सगळ्यांसमोर कार्ब सोडवला आणि बापाच्या हातात ठेवला. “धरा. खुलला.” मग गाडी ढकलत ती प्रीतमच्या मांडवाकडे निघाली.

कार्ब चटके देत होता. नत्थूजी तो या हातातून त्या हातात करत उभे राहिले. खाली ठेवला असता तर चटका बसतोय हे लोकांना दिसलं असतं.